अंगठ्याचं काम

आमच्या घरात हातमोजा कधी कुणा एकटीने विणला नाही. आई पंजा विणायची, थोरली बहीण ओस्ला मनगटाची पट्टी, आणि अंगठे माझे. मी धाकटी, माझी बोटं बारीक, आणि अंगठ्याचा घेर एवढासा, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आई गेल्यावर पंजा आणि पट्टी दोन्ही ओस्लाकडे गेली. अंगठे माझ्याकडेच राहिले. आता ओस्लाने ऐंशी ओलांडली आहे, मी तिच्या मागोमाग चालले आहे, आणि अजूनही अंगठे माझेच.

तेव्हा विणणं हे काम होतं. पाठीवर चुलीत जाळायच्या पीटच्या ढेकळांची टोपली, कमरेला भोकाभोकांचा चामडी पट्टा, एका सुईचं टोक त्यात खोचलेलं, आणि टेकडी उतरता उतरता हात चालूच. रिकाम्या हाताने चालणारी बाई दिसली की आई म्हणायची, "हिला बरं नाही, वाटतं." आता आमच्या या शेटलंडच्या बेटावर बोटीतून हातमोजे न्यायला कुणी व्यापारी येत नाही. आता विणायचं ते मन ठिकाणावर राहावं म्हणून. संध्याकाळी पट्टा बांधला, रेडिओ लावला, बाहेर वारा खिडक्या हलवायला लागला, की हातात रंगीत लोकर घ्यायची. चार टाक्यांत दिवसाची कटकट विसरते. माझा अनुभव विचाराल तर मोठ्या कामापेक्षा लहान कामात जास्त विसावा असतो. अंगठा घेतला आणि चहा गार व्हायच्या आत संपला, असं सुख बाकी कशात आहे?

ओस्ला वरच्या घरात राहते, आईबापांच्या. मी उताराखाली, नवऱ्याने बांधलेल्या घरात. नवरा गेला, घर राहिलं. मधल्या कुंपणाच्या खांबाला एक टोपली टांगलेली असते, वाऱ्याने उडू नये म्हणून तळाला दगड. ओस्ला पंजा विणून झाला की टोपलीत टाकते. जिथे अंगठा यायचा तिथे तिने लाल धागा विणून ठेवलेला असतो. मी तो धागा ओढते, वरचे आणि खालचे टाके सुटे होतात, ते सुयांवर घेते आणि गोल गोल अंगठा चढवते. मग हातमोजे धुते, लाकडी पंजांवर ताणून वाळवते आणि टोपलीत परत ठेवते. यात बोलायची गरज पडत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला टोपलीच बरी जमते.

अंगठ्यात दोन गोष्टी अवघड. पहिली म्हणजे कोपरे. अंगठा जिथे पंजाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना भोक पडतं, आणि आमच्याकडचा वारा असं भोक शोधतच फिरत असतो. मी तिथे जास्तीचे टाके उचलते आणि पुढच्याच फेरीत गुपचूप जिरवते. दुसरी गोष्ट नक्षी. तळव्यावरची नक्षी अंगठ्यावरून अशी पुढे गेली पाहिजे की अंगठा तळव्याला टेकवला की तो तिथे आहे हे कळूच नये. नीट केलेला अंगठा दिसत नाही. माझं सगळं आयुष्य न दिसणाऱ्या गोष्टी करण्यात गेलं, असं मी एकदा ओस्लाला म्हटलं, तर ती म्हणाली, "मग दिसेल असं काही कर. कोण अडवतंय?" तिचं बोलणं हे असं.

ऑगस्टमध्ये मोठ्या बेटावर शेतकी प्रदर्शन असतं. मेंढ्या, बटाटे, मुरंबे, आणि एका मंडपात विणकाम. मागच्या खेपेला ओस्लाने ठेवलेली जोडी मीही डोळे भरून पाहिली होती. शेवाळी हिरवा, त्यावर गंजाचा तांबडा, मध्ये एकच ओळ पिवळी, फुलांसारखी नाही, गवत वाळायला लागलं की टेकडीच्या कडेला दिसते तशी. ओस्लाला रंग कळतात. हे मी मानते, आणि मानायला मला त्रास होतो हेही सांगून टाकते. पहिल्या नंबरचं लाल कार्ड तिच्या जोडीवर लागलं. कार्डावर नाव एकटीचं. दर वर्षी तसंच असतं, त्याचं मला काही नाही.

पण मंडपात शेटलंडबाहेरून आलेली एक बाई होती, उत्साहाने नुसती फुलून गेलेली. तिने ओस्लाला विचारलं, "हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?"

"सगळं," ओस्ला म्हणाली.

मी शेजारी उभी होते. माझ्या हातात तिचीच पिशवी होती. मी घसा खाकरला.

ओस्लाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अंगठे हिने केलेत. पण अंगठ्याचं काय, ते कुणीही करतं."

ती बाई हसली. मीही हसले, कारण परक्यांसमोर दुसरं काय करणार? फेरीबोटीवर परत येताना मी वर वाऱ्यात उभी राहिले आणि ओस्ला खाली चहा पीत बसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. एवढी वर्षं तिच्या प्रत्येक पंजाला मी हात दिला, आणि मी कोण, तर कुणीही.

दुसऱ्या दिवशी टोपलीत नवी जोडी होती. निळी-पांढरी, लाल धागा जागच्या जागी. मी ती तशीच परत ठेवली. संध्याकाळी ओस्ला कुंपणापाशी आली.

"सिनी! हे तसंच आहे!"

मी दारातूनच ओरडले, "अंगठे कुणीही करतं ना? मग करून घे कुणाकडून तरी!"

"एवढ्याशा बोलण्याचा एवढा बाऊ?"

"तो शब्द मागे घे, मग बोल."

"कुठला शब्द?"

"तुला माहीत आहे कुठला."

ती उभी राहिली, वाऱ्याने तिचा रुमाल तोंडावर आला, तो तिने बाजूला केला आणि वर निघून गेली. ओस्लाने आयुष्यात विणलेलं कधी उसवलं नाही आणि बोललेलं कधी मागे घेतलं नाही. मला तेवढंच हवं होतं. एक शब्द मागे. टोपली रिकामी झुलायला लागली.

हात रिकामे राहिले की मला सुचत नाही, म्हणून मी मफलर घेतला. अंगठा नको, कुणाचा लाल धागा नको, सगळं माझं स्वतःचं. लोकरीचे गोळे टेबलावर मांडले तेव्हा लक्षात आलं की मी कधी रंग निवडलेलाच नाही. जो रंग पंजाला, तोच अंगठ्याला, एवढंच मला माहीत. मी हिरवा घेतला, त्याच्या शेजारी जांभळा लावला, मग वाईट दिसतं म्हणून नारिंगी घातला, मग तो झाकायला आणखी हिरवा. मफलरला एक वाईट खोड असते, तो कुठे थांबायचं ते सांगत नाही. मी विणत गेले. ऑक्टोबर गेला, दिवस एवढेसे उरले, मफलर टेबलावरून उतरून खुर्चीखाली पोचला. आणि विसावा म्हणाल तर औषधालाही नाही. हात चालायचे आणि डोक्यात ओस्लाशी भांडण चालायचं. त्यात मी नेहमी जिंकायचे, तरी उठताना मान दुखायची.

फेरीबोटीवर दोर टाकणारा एर्टी पीटची पोती घेऊन आला तेव्हा त्याने तो मफलर उचलून धरला.

"सिनीमावशी, हा कुणासाठी?"

"माझ्यासाठी. का?"

"काही नाही. धुक्यात घालून धक्क्यावर उभी राहा, फेरीला दिव्याची गरज नाही."

"पोती ठेव आणि चालता हो."

तो हसत गेला. मी आरशात बघितलं आणि मलाही हसू आलं, पण एकटीचं हसू फार वेळ टिकत नाही. वरच्या घरात दिवा होता. खिडकीत ओस्लाची सावली दिसत होती, मान खाली, कोपर हलतंय. ती विणत होती. कुणाच्या अंगठ्यांच्या भरवशावर, हे मला कळेना.

ते नाताळात कळलं. आम्ही दोघी मिळून बेटावरच्या ओळखीच्यांना दर नाताळात हातमोजे देतो. त्या वर्षी काही जायचे नाहीत असं मी धरून चालले होते. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये गेले तर दुकानवाली रूबी समोरच्या बाकावर, आणि तिच्या मांडीवर नवी कोरी जोडी. किरमिजी आणि राखाडी, नजर ठरू नये अशी. अंगठ्याच्या जागी लाल धागा तसाच. पलीकडे एर्टी. त्याच्याकडेही तशीच. पाद्री स्तोत्राचं पुस्तक उघडायला गेले तर त्यांचा हात अंगठ्यासकट मोज्यात कोंबलेला, पानं उलटेनात. ओस्ला पुढच्या बाकावर ताठ बसून गात होती, जणू तिचा त्यात काही संबंधच नाही.

प्रार्थना संपल्यावर एर्टी माझ्याजवळ आला. "मावशी, हे काय आहे? मी आधी पायात घालून पाहिलं."

"मग बसलं का?"

"टाच नाही ना त्याला."

"ओस्लाला विचार."

"विचारलं. म्हणाली, माझं काम संपलं."

मी घरी आले ती तणतणतच. काय डोकं बाईचं! शब्द मागे घ्यायचा नाही, क्षमा मागायची नाही, सगळ्या बेटाला माझ्या दारात पाठवायचं. मी ठरवलं, एकालाही दारात उभं करणार नाही.

पहिला आला एर्टीच. वारा उत्तरेचा होता. त्याच्या अंगठ्याला दोराने चिरा पडल्या होत्या, त्यात मीठ गेलेलं, चामडी लाल. तो चुलीपाशी हात शेकत उभा राहिला. त्या हाताकडे बघून मी काय नाही म्हणणार? "बस," मी म्हटलं. "आणि बूट बाहेर काढ."

इतकी वर्षं मी अंगठे विणले, पण कुणाचा अंगठा हातात घेऊन विणला नव्हता. बायकांचं एक माप, पुरुषांचं एक माप, झालं. एर्टीचा अंगठा मापापेक्षा आखूड आणि रुंद निघाला, बटाट्यासारखा. दर दोन फेऱ्यांनी मी त्याच्या हातावर मोजा चढवून बघत होते. तो चहा प्यायला, बिस्किटं संपवली आणि आपल्या आईच्या गुडघ्यांचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. अंगठा पुरा झाला तेव्हा त्याने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "माझ्या अंगठ्याला कुणी विचारलंच नव्हतं आजवर," तो म्हणाला.

मग रूबी आली. तिचा अंगठा लांबोडका, टोकाला मागे वळणारा. पाद्री आले, त्यांचा लहानपणी मोडलेला, वाकडा सांधलेला, त्याला एका अंगाला टाके वाढवावे लागले. शाळेची बाई आली, तिच्या मुलांना घेऊन. महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात कुणी ना कुणी एक हात टेबलावर ठेवून बसलेलं असायचं, आणि एक हात माझ्याकडे दिलेला माणूस खोटं बोलत नाही, निदान माझ्याशी तरी कुणी बोललं नाही. मी सूप जास्त करायला लागले. रात्री झोप लागायला लागली. मफलर खुर्चीखाली पडून राहिला. मला माझा विसावा परत मिळाला होता, आणि तो ओस्लानेच पाठवला होता, हे कळत असूनही मी कुंपणाकडे गेले नाही. सगळ्या बेटाने माझे आभार मानले होते. तिने तो शब्द मागे घेतला नव्हता.

फेब्रुवारीत बर्फ पडलं, दुपारी थांबलं, आणि ओस्ला उतारावरून येताना दिसली. या वयात, बर्फात, काठीसुद्धा न घेता. मी दार उघडून धरलं. ती आत आली, खुर्चीखालचा मफलर तिच्या पायाला लागला. तिने तो उचलला, खिडकीपाशी नेला, उलटासुलटा करून पाहिला.

"हिरव्याशेजारी जांभळा कुणी लावला?"

"मी."

"देवा रे." तिने तो घडी करून ठेवला. मग कोटाच्या खिशातून एक पुडकं काढून टेबलावर टाकलं. "हे तुझे."

मी कागद सोडवला. हातमोजे होते. शेवाळी हिरवा, गंजाचा तांबडा, मध्ये एक पिवळी ओळ. प्रदर्शनातलीच नक्षी, पण माझ्या मापाची. मला एकदम आठवलं की ओस्लाने विणलेले हातमोजे मी कधी घातलेलेच नाहीत. बिघडलेल्या, डागाळलेल्या जोड्या घरातल्यांनी वापरायच्या, हीच आईच्या वेळची रीत, आणि ती मी पुढेही चालवली होती.

आणि या जोडीला अंगठे होते.

असे अंगठे मी जन्मात पाहिले नाहीत. एक करंगळीसारखा बारीक आणि लांब, दुसरा फुगीर. टोकाला टाके आवळून गाठ मारलेली. तळव्याची नक्षी अंगठ्यापाशी येऊन भलतीकडेच गेलेली. आणि चारही कोपऱ्यांना भोकं, पेन्सिल जाईल एवढी. ठिकठिकाणी लोकर पिंजलेली, म्हणजे पुन्हा पुन्हा उसवलेली. ओस्लाने उसवलं होतं.

"हे कुणी केले?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "कुणीही," ती म्हणाली.

मी एका भोकात बोट घालून पाहिलं.

"हस हवं तर," ती म्हणाली. "नाताळच्या आधीपासून करतेय. कोपऱ्यात काय करतेस गं तू? मी सगळं करून पाहिलं, ती भोकं काही बुजत नाहीत. एकदा सुई फेकून दिली, चुलीमागे गेली, अजून सापडली नाही."

मला हसू आलं. ओस्ला माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगत होती की तिला एक गोष्ट येत नाही. मी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "दे इकडे. उसवून नीट करते, सूप होईस्तोवर होईल."

तिने हातमोज्यांवर तळवा ठेवला. "नाही. रविवारी चर्चला हेच घाल. असेच."

"अगं, लोक बघतील."

"बघू देत."

ती सूप प्यायली, मीठ कमी आहे म्हणाली, आणि मफलर काखेत मारून गेली.

रविवारी मी तेच हातमोजे घालून निघाले. अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की आपण दोघींनी एका गोष्टीचा विचारच केला नाही. बेटावरच्या सगळ्या लोकांना माहीत होतं की अंगठे सिनीचे. आत्ताच महिनाभर सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हे अंगठे कुणाचे म्हणून बघतील? मला वाटलं हात खिशात घालावेत. पण ओस्ला माझ्याशेजारून चालत होती.

चर्चच्या दारातच रूबीने माझा हात धरला, नेहमीसारखा, आणि तिची बोटं अंगठ्यापाशी थबकली. तिने खाली बघितलं. तिचा चेहरा कावराबावरा झाला.

"सिनी," ती हळूच म्हणाली, "डोळ्यांना काही होतंय का गं तुझ्या? नर्सला सांगू का मी?"

एर्टी मागून वाकून बघत होता. शाळेची बाईसुद्धा. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. माझे कान तापले. मी तोंड उघडलं, पण काय सांगू? ओस्लाचं नाव घ्यायचं, तर ते तिच्या तोंडून यायला हवं होतं, नाहीतर त्याला अर्थ नव्हता.

ओस्लाने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. आमच्या चर्चच्या दारात कुणी मोठ्याने बोलत नाही. ती बोलली.

"हिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. ते अंगठे मी केलेत." ती थांबली. मला वाटलं संपलं. "हिने केले असते तर ते तुम्हाला दिसले तरी असते का? प्रदर्शनात मी म्हटलं होतं, अंगठा कुणीही करतं. मला करता आला नाही. आता आत चला, गार वारा येतोय."

आणि ती आत जाऊन आपल्या बाकावर ताठ बसली. रूबीने माझा हात सोडला नव्हता. तिने तो वाकडा, फुगीर अंगठा एकदा दाबला आणि मग सोडला.

मी ओस्लाच्या शेजारी बसले. स्तोत्र सुरू झालं, पण माझ्या गळ्यातून सूर निघेना, तेव्हा तिने पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं, जणू मला शब्द आठवत नव्हते. घरी जाताना वारा समोरून होता. कोपऱ्यातल्या भोकांतून तो थेट आत शिरत होता, अंगठे गारठून गेले. ती भोकं मी आजही बुजवलेली नाहीत. सोमवारी सकाळी टोपलीत नवी जोडी होती, लाल धागा जागच्या जागी, आणि दगडाच्या खाली माझा मफलर. त्यातला जांभळा तेवढा तिने काढून टाकला होता.